जर्मलची गाडी

हे घडलं ते दोन हजार तेवीस साली, होळी आणि आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, यांच्यामधल्या दीड महिन्यात.

नगरहून संभाजीनगरकडे निघालं की घोडेगावात हमरस्त्याच्या कडेला एक शेड लागायचं. वर पाटी होती, पण ती उन्हानं इतकी विटलेली की जो आधीपासून ओळखतो त्यालाच ती वाचता यायची. सहादेव मिस्त्री, टेम्पो बॉडी. नवा टेम्पो येतो तो पुढे केबिन आणि मागे उघडी चासी घेऊन. त्या चासीवर माल भरायचा हौदा बांधतात, त्याला बॉडी म्हणायचं. कांदेवाल्याला वेगळी लागते, उसाच्या टोळीला वेगळी, म्हशी नेणाऱ्याला वेगळी. घोडेगावचा बाजार म्हशींचा, म्हणून या शेडमध्ये म्हशींच्याच बॉड्या जास्त व्हायच्या.

आणि त्या बॉड्यांची एक खूण होती. आतले चारही कोपरे गोल. काटकोनात पत्रा जोडणं सोपं, पण गाडीनं वळण घेतलं की म्हैस कोपऱ्यावर जाऊन आदळते आणि तिचा खुबा सोलतो. खुबा सोललेल्या म्हशीकडे बाजारात कुणी ढुंकून बघत नाही. सहादेव मिस्त्रीच्या गाडीतून उतरलेली म्हैस जशी चढली तशी उतरायची, हे चार तालुक्यांत माहीत होतं.

पत्र्याचं काम एकट्यानं होत नाही. बाहेरून एक जण ठोकतो आणि आतून दुसरा लोखंडाचा ठोकळा नेमका त्याच जागी दाबून धरतो. ठोकणाऱ्याला मिस्त्री म्हणतात. धरणाऱ्याला काहीच म्हणत नाहीत. लंकाबाईनं तीस वर्षं आतून धरलं.

ती पाथर्डीकडची. माहेर ऊसतोडीचं, सासर ऊसतोडीचं. लग्नानंतरचे तीन हंगाम तिनं नवऱ्याबरोबर कोयता चालवला. मग सहादेव सोनईच्या बाजूला एका गॅरेजात कारखान्याच्या ट्रेलरांचे पत्रे ठोकायला लागला, आणि एक दिवस धरायला माणूस आला नाही म्हणून त्यानं तिला बोलावलं. तेव्हापासून ती धरतच राहिली. पुढे घोडेगावात स्वतःचं शेड झालं. जागा सहादेवनं तिच्या नावावर घेतली, त्याचं तिला त्या वेळी हसू आलं होतं.

आतून धरणाऱ्याला पत्रा कळतो तसा ठोकणाऱ्याला कळत नाही. ठोकणारा बघतो, धरणारा सोसतो. घाव बसला की पत्रा ताणला का दबला, अजून किती खाईल, आता चिरेल का, हे सगळं तिच्या तळहातातून कोपरापर्यंत जायचं. म्हणून त्या होळीच्या चार वर्षं आधी सहादेवचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा तिनं हातोडी उचलली आणि कुणाला न सांगता काम पुरं केलं. गिऱ्हाइकं तरीही सहादेवचीच तारीफ करायची. सहादेव बाजेवर बसून मान हलवायचा. तिनं कधी तोंड उघडलं नाही. काम होतंय ना, मग नाव कुणाचं का होईना, असं तिला वाटायचं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी आदिनाथनं विषय काढला. आदिनाथ तिचा एकुलता एक. आयटीआय झालेला, शेडचं बाहेरचं सगळं बघणारा. गिऱ्हाइकाशी बोलणं, नगरहून पत्रा आणणं, आरटीओत जाणं. पुण्याकडची एक कंपनी होती, ती अल्युमिनियमच्या तयार बॉड्या बनवायची. सुट्या भागांत गाठोडं येतं, पान्यानं नटबोल्ट आवळले की दोन तासांत बॉडी उभी. कंपनीला हमरस्त्यावर जागा हवी होती. शेड पाडून काचेचं दुकान होणार, आदिनाथ मॅनेजर होणार. आखितीला करार करायचा आणि त्यावर लंकाबाईची सही लागणार, कारण जागा तिची.

आदिनाथ काही वाईट बोलला नाही. त्यानं नीट समजावलं. दुधाच्या गाड्या बघ, पार्सलच्या गाड्या बघ, मोठमोठ्या कंपन्यांनी लोखंड सोडलंय. अल्युमिनियम निम्म्याहून हलकं. गाडीचं अंग हलकं झालं की तेवढा माल जास्त बसतो, डिझेल कमी लागतं, गंज नाही, रंग नाही. दिवाळीनंतर लोखंडाच्या बॉडीची एकही ऑर्डर आली नव्हती, हेही त्यानं सांगितलं. आणि शेवटी म्हणाला की तुझे हात भाजले तेवढे पुरे झाले.

सहादेव काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचा अर्थ होकार असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मग जर्मलची बॉडी आपनच का न्हाई करायची?" लंकाबाईनं विचारलं.

जर्मल म्हणजे अल्युमिनियमच. आपल्याकडे जुनी माणसं त्याला जर्मलच म्हणतात. पितळ परवडत नाही त्याचं भांडं जर्मलचं. लंकाबाईचं सगळं लहानपण जर्मलच्या पातेल्यात शिजलं होतं. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर निघाली की तिची आई बनुबाई तेच डोक्यावर घ्यायची, कारण ते हलकं. बैलगाडीतून पडून पत्रा दबला-फुगला, त्याला पोक आला की नदीतला गोल गोटा आतून धरून बाहेरून दुसऱ्या गोट्यानं ठोकायची आणि पोक काढायची. शिकलेली पोरं आता ज्याचं एवढं कौतुक सांगत होती ते तिच्या आईनं डोक्यावर वाहिलं होतं.

आदिनाथ हसला. त्याला यंत्रं लागतात, त्याचं वेल्डिंग वेगळं, त्याची जातच वेगळी, असं काहीबाही म्हणाला. मग म्हणाला, "आई, ते तुला न्हाई जमायचं."

हे एवढं मात्र तो बोलायला नको होता.

लंकाबाईला त्या रात्रभर कानिफनाथ सुतार आठवत राहिला. सोनईला त्यांच्या गॅरेजाशेजारी त्याचा अड्डा होता. त्या काळी गाड्यांच्या बॉड्या लाकडाच्या असत. सागाच्या फळ्या, बाभळीचे खुंट. कानिफनाथनं घडवलेल्या बॉडीत फटीतून ज्वारीचा दाणा गळायचा नाही. मग लोखंडी पत्रा आला. कानिफनाथ पत्र्यावर थुंकला होता, शब्दशः थुंकला होता, आणि म्हणाला होता की डब्याच्या पत्र्याच्या गाड्या करणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. लोकांना त्याचा ताठा आवडला. लोक त्याच्याकडे येऊन त्याच्या ताठ्याची तारीफ करायचे आणि बॉडी करायला पलीकडे पत्र्याच्या गॅरेजात जायचे. पाच वर्षांत तो बाजेचे पाय तासायला लागला. लंकाबाई तेव्हा पंचविशीची होती, भिंतीपलीकडून ऐकायची. माणूस हट्टी असावा, पण हट्ट कशाचा धरावा हे कानिफनाथला कळलं नाही, असं तिला तेव्हाही वाटलं होतं. त्यानं लाकडाचा हट्ट धरला. बॉडीचा धरायला हवा होता.

दोन दिवसांनी आबासाहेब आले. आबासाहेब म्हशींचे व्यापारी. घोडेगावला घ्यायच्या आणि कल्याणच्या तबेल्यांना पोचवायच्या. तोंडानं तिखट, पण व्यवहाराला सरळ. नवी पिकअप घेतली होती आणि तिला त्यांना अल्युमिनियमची बॉडी हवी होती. शेणामुतानं लोखंडाचा तळ दर दोन वर्षांनी सडतो, त्याला ते कंटाळले होते. पण तयार बॉडीचे कोपरे चौकोनी. कंपनीला विचारलं तर म्हणे आमच्या साच्यात गोल कोपरा बसत नाही. ते आदिनाथला म्हणत होते की काही तरी मधला मार्ग काढ. आदिनाथ म्हणत होता की आतून रबर लावू.

शेडच्या आतून लंकाबाई म्हणाली, "रबर म्हैस चघळून टाकंल. आमी करू गोल कोपऱ्याची."

आबासाहेबांनी आधी आदिनाथकडे बघितलं, मग सहादेवकडे. "मिस्त्री, वहिनी काय म्हनत्यात?"

सहादेवनं खांदे उडवले.

त्या संध्याकाळी घरात बोलणं झालं, त्यात असं ठरलं. एकच बॉडी. आखितीच्या आदल्या दिवशी शुक्रवार येत होता, बाजाराचा वार. त्या बाजारात आबासाहेबांनी म्हैस चढवून बघायची. त्यांनी बॉडी घेतली तर शेड राहील. नाही घेतली तर दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येईल तेव्हा लंकाबाई चहा ठेवेल आणि मुकाट्यानं सही करील. आदिनाथ म्हणाला की आई, कशाला अंगावर ओढून घेतेस. ती म्हणाली की अंगावर घ्यायला अंग अजून शिल्लक आहे.

आदिनाथनं पत्रा आणून दिला, हे त्याचं चांगलं. कोपऱ्यांसाठी सहा पट्ट्या कापून आणल्या, चार लागणार होत्या. दोन वाया जायला धरल्या.

पहिली पट्टी दुसऱ्याच दिवशी वाया गेली. लंकाबाईनं लोखंडाला करते तसं केलं. टोकदार सळईनं रेघ आखली, पट्टी जाड लोखंडी नळावर ठेवली, लाकडी मोगरीनं हळूहळू वाकवत आणली. अर्धी वाकली आणि कट्‌कन आवाज झाला. रेघेवरून सरळ चीर. जाड जर्मल थंडपणी वाकत नाही, चिरतं. तिच्या आईचं पातेलं पातळ होतं.

तेव्हा सहादेव बाजेवरून उठला. म्हणाला की तापवल्याशिवाय कसं वाकेल, पत्रा तांबडा करून घे. लोखंडवाल्याचा सगळा जीव त्या रंगात असतो. काळ्याचा गुलाबी झाला, गुलाबीचा तांबडा झाला, की लोखंड ऐकतं. त्यानं आयुष्यभर रंगावरच काम केलं होतं. सून सुकन्यानं गॅसची पेटती नळी धरली. तापवलं, तापवलं, पट्टी काही तांबडी होईना. सहादेव म्हणाला की उन्हात रंग दिसत नाही, अंधार करा. म्हणून त्यांनी भर दुपारी शेडच्या तोंडाला ताडपत्री बांधली, फटीत गोणपाट कोंबलं, आणि तिघं घामाच्या धारांत उभी राहून त्या अंधारात तांबड्या रंगाची वाट बघत राहिली. पट्टी पहिल्यापासून होती तशीच चांदीसारखी. आणि तशीच चांदीसारखी असताना मधोमध ढासळली. थेंब खाली पडले ते सहादेवच्या चपलेवर. पट्टीला हात जाईल एवढं भोक.

जर्मल वितळायच्या आधी रंग बदलत नाही, हे त्या दिवशी त्यांना कळलं. जगाला आधीच माहीत असेल. लोखंडाच्या माणसाला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

आदिनाथ आला, त्यानं ते भोक बघितलं. चपलेचं विचारलं, बाबांचा पाय भाजला का ते बघितलं, आणि बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिला. आता चार पट्ट्या होत्या आणि चारच कोपरे.

लंकाबाई दोन दिवस शेडमध्ये नुसती बसून राहिली. चिरलेली पट्टी मांडीवर घेऊन तिच्यावर अंगठा फिरवायची. सुकन्या शेडच्या मागच्या खोलीत बायकांचे ब्लाऊज शिवायची, तिथून सासूकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी लंकाबाई तिला म्हणाली की चीर उगीच गेली नाही, सळईच्या रेघेवरूनच गेली. याला ओरखडा सोसत नाही. ओरखडा न काढता रेघ मारायची कशी?

"आमी कापडावर मारतो तशी मारा की, आत्या," सुकन्या म्हणाली. आणि तिनं शिलाईच्या डब्यातून धुण्याच्या साबणाची झिजलेली निळी चिपटी काढून दिली. शिंपी खडू विकत आणतात. घरी शिवणाऱ्या बायका साबणाच्या चिपट्या जपून ठेवतात.

वितळलेल्या पट्टीचे तुकडे होते. त्यांच्यावर लंकाबाईनं साबणाची रेघ मारली, नुसतं बघायला. रेघ छान उमटली. मग तिनं सुकन्याला नळी घ्यायला लावली. पट्टीच्या रंगाकडे आता बघायचंच नव्हतं, म्हणून तिची नजर साबणाच्या रेघेवर राहिली. निळी रेघ आधी पिवळट झाली. मग गुळासारखी. मग काळी. "थांब," ती म्हणाली. का म्हणाली ते तिला सांगता आलं नसतं. तुकडा पाण्यात बुडवला, लोखंडी नळावर धरला आणि मोगरीनं दाबला. तो ओल्या चामड्यासारखा वळला.

दुसऱ्या तुकड्याला तिनं रेघ गुळासारखी असतानाच थांबवलं. तो वळताना अडला. तिसऱ्याला काळी झाल्यावरही आच चालू ठेवली. तो ढासळला. चौथा, पाचवा, सहावा काळ्यावर थांबवला. तिन्ही वळले. मग मात्र तिला हसू आलं आणि सासू-सून दोघी एकमेकींकडे बघून हसत बसल्या. कंपनीच्या साच्यात जे बसत नव्हतं ते साबणाच्या चिपटीनं सांगितलं होतं.

सहादेव दारातून बघत होता. आयुष्यभर रंगावर काम केलेला माणूस, त्याला त्या काळ्या रेघेचा राग आला असता तरी चाललं असतं. पण तो आत आला, ठोकळा उचलला आणि पट्टीच्या मागे जाऊन बसला.

"मला ठोकता येत न्हाई आता," तो म्हणाला. "धरता येतं."

आणि खरंच, दाबून धरलेला असताना त्याचा हात थरथरायचा नाही. तो पहिल्या दिवशी चुकला. दोनदा ठोकळा भलतीकडेच होता. लंकाबाई त्याला ओरडली, तीस वर्षं तो तिला जसा ओरडायचा अगदी त्याच शब्दांत. सुकन्यानं तोंड फिरवून पदर तोंडाला लावला. सहादेव म्हणाला की आतून लई कठीण हाय ग. लंकाबाई म्हणाली की आत्ता कळलं व्हय. मग ती दोघं कामाला लागली.

आठ दिवसांत चार कोपरे झाले. चारातला एकही वाया गेला नाही.

एक भांडण तेवढं झालं, तेही रिपिटांवरून. आदिनाथनं पत्रे जोडायला नेहमीच्या लोखंडी रिपिटा, म्हणजे रिव्हेट, आणल्या होत्या. लंकाबाईनं त्या परत न्यायला सांगितल्या. तिनं दुरुस्तीला आलेल्या दुधाच्या एका गाडीत बघितलं होतं, जर्मलच्या पत्र्यात लोखंडाची रिपीट मारली की तिच्याभोवती पांढरी भुकटी धरते आणि भोक मोठं होत जातं. तिथं तर नुसतं पाणी होतं, इथं म्हशीचं मूत असणार. आदिनाथ म्हणाला, जर्मलच्या रिपिटा नगरला मिळत नाहीत. ती म्हणाली, पुण्याला तुझी कंपनी आहे ना, तिला माग. त्यानं खरंच तिच्याकडूनच आणल्या. हे तो नंतर हसून सांगायचा. तेव्हा हसला नव्हता.

मग तो शुक्रवार आला.

घोडेगावच्या बाजारात नवी बॉडी अशी कुणी घेत नाही. तिच्यात म्हैस उभी राहिल्याशिवाय ती बॉडीच नाही, असा रिवाज आहे. आणि चढवायची तीही गरीब म्हैस नाही. बाजारात त्या दिवशी सगळ्यात द्वाड कोण ते व्यापारी ठरवतात. त्या दिवशी एक शिंगं वळलेली दांडगी म्हैस निघाली, तिनं सकाळपासून दोघांना पाडलं होतं. बघायला शे-दीडशे माणूस जमलं. रंग न दिलेली ती बॉडी उन्हात अशी चमकत होती की लोक डोळ्यांवर हात धरून बघत होते.

बोलणी सुरू झाली. एक जण म्हणाला की आबासाहेब, जर्मलची गाडी घेतली, आता हिच्यात चहा टाका, सगळ्या बाजाराला पुरंल. दुसरा म्हणाला की झाकण कुठं हाय. कुणीतरी विचारलं की केली कुणी, आणि कुणीतरी सांगितलं की मिस्त्रीच्या बायकोनं, आणि मग जे हसू झालं ते लांबपर्यंत गेलं. सहादेव खाली बघत उभा होता. लंकाबाई बघत होती फक्त म्हशीकडे.

म्हैस फळीवरून चढली. जर्मलवर खुराचा आवाज वेगळा येतो, पोकळ, भांड्यासारखा. म्हैस त्या आवाजाला बुजली. आत गेली, गोल फिरली, चारही कोपऱ्यांना अंग घासलं, आणि मग मागच्या पायानं डाव्या बाजूला अशी लाथ मारली की आवाज सगळ्या बाजारात ऐकू गेला. बाहेरून पत्र्याला पोक आला. मोठ्या भाकरीएवढा.

हसणं थांबलं नाही, वाढलं. आदिनाथ घाईघाईनं पुढे आला. त्यानं आबासाहेबांना बाजूला घेतलं आणि म्हणाला की तुम्ही मनाला लावून घेऊ नका, कंपनीची तयार बॉडी पुढच्या आठवड्यात लावून देतो. हे तो हळू बोलला, पण आईला ऐकू गेलं. आबासाहेबांनी पोकाकडे बघून तोंड वाकडं केलं.

"आबासाहेब," लंकाबाई म्हणाली, "म्हशीनं लाथ पत्र्याला मारली. तुमी कशाला तोंड वाकडं करता?"

आता हसणाऱ्यांनी आबासाहेबांकडे बघितलं. तेही जरा चपापले.

तिनं आधी म्हैस खाली उतरवायला लावली. मग म्हणाली की आता तिचा खुबा बघा. चारही बाजूंनी बघा, हात लावून बघा. व्यापाऱ्यांनी बघितलं. केस मोडलेला नव्हता. हसणं निम्मं झालं. मग तिनं सुकन्याला हाक मारली. सुकन्या गॅसची नळी घेऊन गाडीपाशीच उभी होती, घरून निघतानाच लंकाबाईनं ती बरोबर घ्यायला सांगितली होती. पोकाभोवती साबण फिरवला. भर बाजारात, एवढ्या माणसांत, सुनेनं आच धरली, रेघा काळ्या झाल्या, ओला कपडा फिरला. सहादेव ठोकळा घेऊन बॉडीत चढला आणि आतून धरून बसला. लंकाबाईनं मोगरी उचलली. पोकाच्या कडेपासून सुरुवात करून आत आत येत, एकाच चालीत, घाई न करता. माणसं पुढे सरकत होती. पहिल्यांदा चहाचं बोललेला तो माणूस आता सगळ्यांत पुढे होता आणि मागच्यांना गप करत होता. पंधरा मिनिटांत पोक गेला. बारीक खुणा राहिल्या, त्या राहतातच.

आबासाहेबांनी हात फिरवला. पण ते व्यापारी. म्हणाले, "वहिनी, काढला खरा. पर ती पुन्हा मारंल. म्हैस हाय ती."

"मारू द्या. लोखंडाला पोक येत न्हाई का? तीस वरीस तुमचे पोक कोन काढीत हुतं?" तिचा आवाज चढला नव्हता. "त्या तयार डब्याला पोक आला की तुमी तो पुन्याला घिऊन जा. तितला मानूस म्हनंल, अख्खी बाजू बदला. मी हितं हाय. म्हैस मारंल तितक्यांदा काढीन. आन मी मेले तर ही हाय." तिनं सुकन्याकडे बोट केलं. सुकन्याला याची काही कल्पना नव्हती. ती नळी धरून तशीच उभी राहिली, पण तिनं मान खाली घातली नाही.

आबासाहेबांनी आदिनाथकडे बघितलं. आदिनाथ पोकाच्या जागेकडे बघत होता. त्यानं वाकून तिथं बोट लावलं, आणि उन्हानं तापलेल्या पत्र्याचा चटका बसला म्हणून मागे घेतलं.

"चढवा म्हशी," आबासाहेब म्हणाले. सगळ्यांत पुढे तीच द्वाड म्हैस चढवली. जाताना त्यांनी विचारलं की बॉडीवर नाव कुणाचं घालू, रंगवाल्याला सांगतो. लंकाबाई म्हणाली, नावाचं काही नडलेलं नाही, ज्याची बॉडी फुटेल तो शोधत येईल.

दुसऱ्या दिवशी आखिती. कंपनीचा माणूस पांढरा शर्ट घालून, कागदांची फाईल घेऊन आला. लंकाबाईनं त्याला आंब्याचा रस आणि पुरणपोळी वाढली. सण होता, पाहुणा उपाशी कसा जाईल. जेवण झाल्यावर त्यानं फाईल उघडली आणि पेन पुढे केलं. तिनं पेन हातात घेतलं, बघितलं, आणि टोपण लावून त्याच्या खिशात परत ठेवलं. आदिनाथ काहीतरी बोलणार होता. सहादेवनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पुढे काय काय झालं ते असं. कंपनीचं दुकान झालंच, पण तीन किलोमीटर पुढे, दुसऱ्याच्या जागेत. आदिनाथ तिथं मॅनेजर आहे. आईशी सहा महिने धड बोलत नव्हता, आता बोलतो. तयार बॉड्या भरपूर खपतात, खोटं कशाला सांगा. पोक आलेलं गिऱ्हाईक मात्र तो गुपचूप शेडवर पाठवतो, आणि पाठवलं म्हणून कधी कबूल करत नाही.

आबासाहेबांनी त्याच वर्षी आणखी दोन बॉड्या करून घेतल्या. पहिलीचा तळ अजून शाबूत आहे. म्हशींसाठी जर्मलची बॉडी करायची ही आपलीच कल्पना होती, असं ते बाजारात सांगतात. त्यांना कुणी अडवत नाही. ती द्वाड म्हैस कल्याणला गेली, तिथं निवांत झाली असं ऐकलं.

सहादेव दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात गेला. शेवटच्या महिन्यापर्यंत धरत होता. ताप आला तेव्हा शेडमध्येच बाज टाकायला लावली.

सुकन्यानं शिवणाचं यंत्र धाकट्या चुलत जावेला, निकिताला देऊन टाकलं. आता ठोकते ती. मागच्या वर्षापासून लोक तिला मिस्त्री म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तिनं मागे वळून बघितलं होतं.

लंकाबाई पासष्टीच्या पुढे आहे. गुडघे गेले, म्हणून स्टुलावर बसते. या उन्हाळ्यात एक विजेवर चालणारा टेम्पो फुटून आला. त्याच्या अंगाला लोखंड नव्हतं आणि जर्मलही नव्हतं, फायबर होतं. सुकन्या म्हणाली, "आत्या, हे आपलं काम न्हाई, सांगून टाकते त्याला." लंकाबाईनं बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं.

"बॉडी उतरून ठिवायला सांग," ती म्हणाली. "आन त्याला म्हनावं, आठ दिवसांनी ये."